गुलाबी वेष्टनातला भाव

सुपरमार्केटात दाढीच्या सामानाची एक फळी असते. तिथं निळ्या-काळ्या पाकिटांत पुरुषांचे, वापरून फेकायचे रेझर टांगलेले असतात. चार पावलं पुढं, क्रीम-लोशनच्या शेजारी, तसलेच रेझर गुलाबी नाहीतर जांभळट पाकिटांत दिसतात. ते स्त्रियांसाठी. कंपनी पुष्कळदा एकच, पात्यांची संख्याही एकच. नगामागचा भाव काढला की मात्र गुलाबी रेझर बऱ्याचदा महाग निघतो.

‘कंपन्या लुटतात’ एवढं म्हणून मोकळं होता येईल, पण खरं कोडं त्याच्या पुढं आहे. निळा रेझर घ्यायला बाईला कुणीही मनाई केलेली नाही. काउंटरवर कुणी ओळखपत्र मागत नाही. केस हनुवटीवरचा की पोटरीवरचा, हे पात्याला कळत नाही. मग जवळच स्वस्त माल टांगलेला असताना महाग माल खपतो कसा? आणि तो खपतोय हे पाहून दुसरी एखादी कंपनी स्वस्त गुलाबी रेझर आणून सगळं गिऱ्हाईक पळवत का नाही? स्पर्धा असलेल्या बाजारात असा फरक लवकर पुसला जायला हवा. तो वर्षानुवर्षं टिकतो.

या फरकाला जगभर ‘पिंक टॅक्स’, म्हणजे गुलाबी कर, म्हणतात. नाव कराचं असलं तरी यातला पैसा सरकारकडे जात नाही, तो विकणाऱ्याकडे जातो. आणि तो वसूल होण्यात सर्वांत मोठं काम वेष्टन करतं.

चेहरा बघून भाव

मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर भाव छापलेला नसतो. भाजीवाली आधी गिऱ्हाईक बघते. गाडीतून उतरलेलं आहे की पिशवी घेऊन चालत आलेलं, घाईत आहे की चार ठिकाणी विचारत फिरणारं, हे तिला एका नजरेत कळतं आणि त्यावरून ती भाव सांगते. जो जास्त देऊ शकतो त्याच्याकडून जास्त, जो घासाघीस करणार त्याला कमी. अर्थशास्त्रात याला किंमतभेद म्हणतात. आर्थर पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली त्याचे तीन प्रकार पाडून दाखवले, आणि आजही विद्यार्थी तेच शिकतात.

किंमतभेद साधायचा तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, विकणाऱ्याला भाव ठरवण्याची थोडीतरी मोकळीक हवी. दुसरी, जास्त देणारा कोण आणि कमी देणारा कोण हे त्याला ओळखता यायला हवं. तिसरी सर्वांत अवघड. स्वस्तात मिळणारा माल महागात घेणाऱ्याच्या हाती पडता कामा नये, नाहीतर सगळेच स्वस्त माल घेतील आणि खेळ संपेल.

साबण-शाम्पूच्या कंपनीची अडचण अशी की तिला गिऱ्हाईक दिसत नाही. ती कारखान्यात बसून पाकिटावर एमआरपी छापते, आणि ते पाकीट पुण्यातल्या बंगल्यात जाणार की परभणीतल्या भाड्याच्या खोलीत, हे तिला ठाऊक नसतं. मग ती युक्ती करते. एकाच्या जागी दोन पाकिटं बाजारात ठेवायची आणि कोण कुठल्या गटातला हे गिऱ्हाइकालाच ठरवू द्यायचं. गिऱ्हाईक फळीकडे हात नेतं तेव्हाच आपला गट सांगून मोकळं होतं.

ही युक्ती जुनी आहे. ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४९ साली रेल्वेच्या भाड्यांबद्दल लिहिताना ती उघड केली. तेव्हा फ्रान्समध्ये तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छत नसे, बाकं नुसत्या लाकडाची असत. छत घालायला फारसा खर्च येत नव्हता. कंपनीला गरिबांचा राग होता असंही नाही. तिसऱ्या वर्गात थोडी सोय केली तर दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणारे लोकही तिथं येऊन बसतील, ही तिची भीती होती. डबा मुद्दाम गैरसोयीचा ठेवला, की ज्याच्या खिशात पैसे आहेत तो आपण होऊन वरचं तिकीट काढतो.

स्त्री-पुरुषांसाठी वेगळी वेष्टनं काढणारी कंपनी हेच काम जास्त सभ्यपणे करते. तिला छत काढायची गरज पडत नाही. ‘हे आपलं नाही’ अशी भावना गिऱ्हाइकाच्या मनात उठली, की ते त्या फळीकडे फिरकत नाही. वरची तिसरी अट अशी पूर्ण होते. निळा रेझर बाईच्या हाती पडू नये म्हणून कुणाला अडवावं लागत नाही, त्याचा निळेपणाच पुरतो.

ही भावना किती जोरकस असते याचा पुरावा आपल्याच बाजारात आहे. ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरेपणाचं क्रीम भारतात १९७५ साली आलं. ते स्त्रियांसाठी होतं, पण ते गुपचूप वापरणाऱ्या पुरुषांची संख्या लहान नव्हती. इमामी कंपनीने २००५ साली पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ आणलं, आणि पुढं शाहरुख खानच्या जाहिरातीत नेमकी हीच लाज पकडली: लपूनछपून बायकांचं क्रीम काय लावतोस? क्रीम लावण्याची हौस आधीपासून होती. अडचण होती ती ट्यूब कुणाला दिसण्याची. (गोरेपणा विकावा की नाही, हा वेगळा आणि जास्त गंभीर प्रश्न आहे. २०२० साली हिंदुस्तान युनिलिव्हरने आपल्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं ते त्या प्रश्नाच्या दबावाखाली.)

डबा बाईचा की बुवाचा, हे कोण ठरवतं?

रंगापासून सुरुवात करू, कारण रंगाबद्दल आपली समजूत सर्वांत पक्की असते. गुलाबी मुलींचा, निळा मुलांचा, आणि हे जणू निसर्गानेच ठरवलेलं. प्रत्यक्षात अमेरिकेत १९१८ साली बालकांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने बरोबर उलटा सल्ला छापला होता: गुलाबी हा ठसठशीत रंग म्हणून मुलांना, निळा नाजूक म्हणून मुलींना. जो पाओलेट्टी या अभ्यासक बाईंनी अमेरिकी बालवस्त्रांचा इतिहास तपासला, तेव्हा आजची वाटणी विसाव्या शतकात हळूहळू, बरीचशी दुकानदारीच्या सोयीने, पक्की झालेली दिसली. सोय उघड आहे. पहिल्या मुलीसाठी घेतलेला गुलाबी झबल्यांचा ढीग धाकट्या भावाला चालत नसेल, तर दुकानात दोनदा यावं लागतं.

आपल्याकडे तर ही समजूत पाहुणीच आहे. लग्नात नवरदेवाचा मामा गुलाबी फेटा बांधून मिरवतो तेव्हा कुणाला त्यात बायकीपणा दिसत नाही. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर हजारो पुरुष गुलालात न्हाऊन निघतात. बाळाचं दुपटं आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचं शिवलं जाई. लुगडं हिरवं असेल तर दुपटं हिरवं, मग त्यात मुलगा निजो की मुलगी. गुलाबी म्हणजे मुलगी हे समीकरण आपल्याकडे खेळण्यांच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या खोक्यांबरोबर आलं.

रंगाच्या जोडीला आकार असतो. स्त्रियांच्या शाम्पूची बाटली खांद्याशी गोलाई घेते, पुरुषांची बाटली चौकोनी, रुंद, काळी किंवा राखाडी असते. अक्षरांची तीच तऱ्हा. बारीक, वळणदार अक्षरं एकीकडे, जाड आणि सरळ उभी दुसरीकडे. शब्दांची वाटणी पाहण्यासारखी आहे. स्त्रियांच्या मालावर ‘सॉफ्ट’, ‘रेडियंट’, ‘सिल्की’. पुरुषांच्या मालावर ‘स्पोर्ट’, ‘पॉवर’, ‘चारकोल’, जणू दाढी करून हा माणूस थेट कोळशाच्या खाणीत उतरणार आहे. यातलं एकही चिन्ह एकटं पुरेसं नसतं. सगळी मिळून सेकंदाच्या आत निरोप पोचवतात, आणि फळीसमोर माणूस तेवढाच वेळ देतो.

नाव तेच ठेवून डबा आणि जाहिरात बदलली तर काय होतं, याचं उदाहरण सिगारेटच्या धंद्याने घालून दिलं आहे. ‘मार्लबोरो’ ही सिगारेट १९२४ साली अमेरिकेत स्त्रियांसाठी म्हणून विकायला आली. ओठांची लाली लागलेली दिसू नये म्हणून पुढं तिचं टोक लाल केलं गेलं. १९५० च्या दशकात फिल्टरच्या सिगारेटी वाढल्या, पण फिल्टर म्हणजे बायकी, अशी पुरुषांची समजूत होती. तेव्हा कंपनीने लाल-पांढरं, झाकण उघडून बंद करता येणारं कडक खोकं आणि लिओ बर्नेट यांच्या जाहिरात संस्थेने उभा केलेला गुराखी, असा नवा अवतार दिला. थोड्याच वर्षांत बाईची सिगारेट मर्दानगीची खूण झाली. ‘ओल्ड स्पाइस’ची गोष्टही अशीच. ज्या नावाशिवाय एका पिढीतल्या वडिलांची दाढी पुरी होत नसे, ते नाव १९३७ साली आधी स्त्रियांच्या सुगंधासाठी वापरलं गेलं. पुरुषांचा माल वर्षभराने आला.

कधीकधी डाव उलटतोही. ‘बिक’ कंपनीने खास स्त्रियांसाठी गुलाबी-जांभळी बॉलपेनं काढली, तेव्हा २०१२ साली ॲमेझॉनवर थट्टेच्या अभिप्रायांचा पूर आला. इतकी वर्षं पुरुषांचं पेन धरताना हात दुखून आला, आता कुठं लिहिता येतंय, अशा चालीचे. पेनाच्या बाबतीत लोकांना दोन वस्तू एकच आहेत हे सहज दिसलं, म्हणून हसू आलं. क्रीम, शाम्पू, डिओडरंट यांच्याबाबत ते सहज दिसत नाही.

मोजायला गेलं की

न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०१५ मध्ये एक अहवाल काढला. त्यात जवळपास ८०० वस्तूंची, स्त्रियांची आणि पुरुषांची अशी जोड्या लावून, तुलना होती. स्त्रियांच्या वस्तू सरासरी ७ टक्के महाग निघाल्या, आणि अंगाला-केसांना लावायच्या वस्तूंत हा फरक १३ टक्के होता. शाम्पू-कंडिशनरमध्ये तो ४८ टक्क्यांवर गेला, रेझरच्या पात्यांत ११ टक्क्यांवर राहिला. सर्वांत जास्त गाजली ती मुलांची स्कूटर. एकाच कंपनीची, एकाच दुकानसाखळीत, लाल रंगाची सुमारे २५ डॉलरला आणि गुलाबी सुमारे ५० डॉलरला. स्कूटरला तर आतलं रसायन वेगळं असण्याचीही पळवाट नव्हती.

याच अहवालात एक आकडा आहे जो बातम्यांत मागे पडला. तुलना केलेल्या वस्तूंपैकी ४२ टक्के वेळा स्त्रियांची वस्तू महाग होती, १८ टक्के वेळा पुरुषांची. उरलेल्या ठिकाणी भाव सारखे होते. म्हणजे कल स्पष्ट आहे, पण नियम नाही.

जर्मनीच्या भेदभावविरोधी सरकारी संस्थेने २०१७ साली असाच अभ्यास प्रसिद्ध केला. तिथं तपासलेल्या १,६८२ वस्तूंपैकी जेमतेम ३.७ टक्के वस्तूंत फरक सापडला. सेवांमध्ये मात्र, म्हणजे केशकर्तनालय, लॉन्ड्री वगैरेंत, निम्म्याहून अधिक ठिकाणी स्त्री-पुरुषांचे दर वेगळे होते. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ साली देशभरातल्या विक्रीचे आकडे घेऊन अंगनिगेच्या १० प्रकारच्या वस्तू तपासल्या. पाच प्रकारांत स्त्रियांचा माल महाग, दोन प्रकारांत पुरुषांचा. आणि फरकाचं कारण भेदभाव की खर्च, हे आकड्यांवरून सांगता येत नाही, अशी कबुली.

एकाच प्रश्नाला इतकी वेगळी उत्तरं का येतात? कारण तुलना कशाची कशाशी केली, यावर सगळं अवलंबून आहे.

बाटलीच्या आत

सारा मोशारी, ॲना टकमन आणि नताशा वज्रवेलू या तीन संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या दुकानांच्या विक्रीनोंदी घेऊन याच मुद्द्याला हात घातला. त्यांचा निबंध २०२३ साली ‘मार्केटिंग सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांना दिसलं की अंगनिगेच्या विकल्या जाणाऱ्या मालातला ८० टक्क्यांहून जास्त माल स्त्री किंवा पुरुष असा शिक्का मारूनच विकला जातो. एकाच कंपनीच्या स्त्री आणि पुरुष मालाच्या भावात मोठे फरकही सापडले. पण आतले घटक जवळपास सारखे असलेल्या जोड्या तेवढ्या वेगळ्या काढल्या, तर फरक बारीक उरला. तपासलेल्या पाच प्रकारांपैकी तिनांत उलट स्त्रियांचाच माल थोडा स्वस्त निघाला.

यावरून काहींनी लगेच निष्कर्ष काढला की पिंक टॅक्स ही अफवाच. मला तसं वाटत नाही. त्या अभ्यासातलं दुसरं निरीक्षण जास्त बोलकं आहे: सारखे घटक असलेल्या जोड्या मुळात फार थोड्या सापडतात. स्त्रियांच्या बाटलीत एखादं तेल जास्त, सुगंध वेगळा, आणखी एखादा अर्क. पुरुषांच्या बाटलीत त्याऐवजी दुसरं काही. दोन बाटल्या फक्त रंगाने वेगळ्या असत्या, तर एखादी चौकस बाई पाठीमागची बारीक अक्षरं वाचून स्वस्त बाटली उचलून गेली असती. घटक बदलले की ती वाट बंद होते. आता ‘दोन्ही एकच’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तुलना बिघडवण्याचं जे काम वेष्टन बाहेरून करतं, तेच ही वेगळी पाककृती आतून पुरं करते.

याचा अर्थ प्रत्येक फरक कावेबाजपणाचा आहे, असा नाही. स्त्रियांच्या रेझरचं डोकं बहुधा जास्त गोलाकार असतं आणि मूठ ओल्या हातात धरता यावी अशी जाड असते, कारण तो न्हाणीघरात, आरशाशिवाय, गुडघ्याच्या वळणावरून फिरवायचा असतो. त्याला खर्च येतो. शिवाय पाच सुगंधांत माल काढला की प्रत्येक सुगंधाचा खप विभागला जातो, साचा आणि छपाईचा खर्च थोड्या नगांवर पडतो. काही फरक तर माल दुकानात यायच्या आधीच, बंदरावर तयार होतात. अमेरिकेच्या आयातकरात स्त्री-पुरुषांच्या कपड्यांना वेगळे दर आहेत. कातडी हातमोज्यांच्या एका प्रकारावर पुरुषांसाठी १४ टक्के आणि इतरांसाठी १२.६ टक्के. टोट्स-आयसोटोनर या कंपनीने हा भेदभाव म्हणून खटला भरला आणि २०१० साली अपिलात ती हरली.

सरकारने घातलेला खराखुरा कर हे वेगळं प्रकरण. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला तेव्हा सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर होता आणि टिकली, कुंकू, बांगड्या करमुक्त. मुंबईतल्या ‘शी सेज’ संस्थेने ‘लहू का लगान’ नावाने मोहीम चालवली, देशभरातून टीका झाली, आणि जुलै २०१८ मध्ये नॅपकिन करमुक्त झाले. पण कर १२ टक्के गेला म्हणजे भाव तितकाच उतरेल, असं गणित नसतं. विक्रीवर कर नसेल तर उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि तो भार किमतीत राहतो.

ग्रॅमचा हिशेब

भावातला फरक लपवण्याची सर्वांत साधी जागा एमआरपीची नसते, वजनाची असते. समजा पुरुषांच्या क्रीमची ट्यूब ७५ ग्रॅमची, किंमत १५० रुपये. स्त्रियांची ५० ग्रॅमची, १२० रुपये. फळीवर बाईला आपलीच ट्यूब स्वस्त दिसते. भागाकार केला तर पुरुषांचं क्रीम २ रुपये ग्रॅम आहे, स्त्रियांचं २ रुपये ४० पैसे. पाचवा हिस्सा जास्त. ट्यूबचा तळ आत दाबलेला, झाकण उंच, खोकं लांबट, यामुळं ५० ग्रॅम डोळ्यांना ७५ इतकेच भासतात. हा भागाकार दुकानात उभं राहून, हाताला पोर आणि खांद्याला पिशवी असताना, कुणी करत नाही. कंपनीला हे ठाऊक असतं.

याचा उतारा आपल्या कायद्यात आलेला आहे, आणि त्याची पुरेशी जाहिरात झालेली नाही. पाकीटबंद वस्तूंसाठीच्या २०११ च्या वैधमापन नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार पाकिटावर एमआरपीसोबत एका एककाची विक्रीकिंमतही छापावी लागते. उत्पादकांना मुदतवाढी मिळत गेल्या, पण आता ही ओळ बहुतेक वेष्टनांवर दिसते. एमआरपीच्या आसपास, बारीक अक्षरांत, ‘यूएसपी’ अशी.

चौकट
पाकिटावरची ती बारीक ओळ
• एक किलोच्या आतल्या मालावर दर ग्रॅमची किंमत असते, त्याहून जास्त वजनावर दर किलोची.
• पातळ पदार्थांना तसंच: लिटरच्या आत दर मिलिलिटरची, वर दर लिटरची.
• नगावर विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर दर नगाची. रेझर यात येतात.
• मोठं पाकीट स्वस्तच असतं असं गृहीत धरू नका. शाम्पूच्या छोट्या पुड्या मिलिलिटरमागे अनेकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात.
• सवलतीचा भाव असेल तर भागाकार नव्याने करावा लागतो, कारण छापलेली ओळ एमआरपीवर बेतलेली असते.

या ओळीचं महत्त्व स्त्री-पुरुष भावापुरतं नाही. पण या बाबतीत ती विशेष कामाची आहे, कारण दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवलेल्या, वेगळ्या रंगांच्या, वेगळ्या वजनांच्या वस्तू ती एका मापात आणते.

कात्री आणि इस्त्री

सेवांचं गणित वस्तूंपेक्षा उघडं असतं, आणि जर्मनीत सापडलं तसं फरकही तिथंच ठळक असतो. सलूनच्या दरपत्रकावर ‘जेंट्स कट’ आणि ‘लेडीज कट’ वेगळे लिहिलेले असतात. लांब केस धुऊन, वळण देऊन कापायला वेळ जास्त लागतो, हे खरंच. पण बॉयकट करून घेणाऱ्या मुलीला लेडीज दर आणि खांद्यापर्यंत केस वाढवलेल्या मुलाला जेंट्स दर, असं झालं की वेळेचा युक्तिवाद गळून पडतो. इस्त्रीवाला साडीचे पैसे शर्टापेक्षा जास्त घेतो, त्यात गैर काही नाही, साडी सहावार असते. सुती शर्टाला एक दर आणि त्याच कापडाच्या, त्याच मापाच्या लेडीज शर्टाला दुसरा, हे मात्र विचारण्यासारखं आहे.

फरक नेहमी स्त्रियांच्याच विरोधात जातो असंही नाही. युरोपात तरुण स्त्रियांना मोटार विमा स्वस्त पडे, कारण त्यांचे अपघात कमी. युरोपीय न्यायालयाने मार्च २०११ च्या निकालात लिंगावरून हप्ता ठरवायला मनाई केली आणि डिसेंबर २०१२ पासून ती सवलत गेली. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट आहे. ते सरकारने उघडपणे, कारण सांगून केलेलं आहे, आणि पटलं नाही तर त्यावर वाद घालता येतो. पाकिटावरच्या फरकाचं कारण कुठं छापलेलं नसतं.

कायदा कुठवर पोचतो

कॅलिफोर्नियाने १९९५ साली सेवांमध्ये लिंगावरून दर लावायला बंदी केली. वेळ, कष्ट, अवघडपणा यांवरून दर बदलता येतो, गिऱ्हाईक बाई आहे एवढ्यावरून नाही. वस्तूंसाठीचा कायदा यायला तिथं आणखी २७-२८ वर्षं गेली. न्यूयॉर्क राज्याने तसा कायदा त्याआधी, २०२० मध्ये, लागू केला, कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून. दोन्हीकडे कसोटी अशी: कच्चा माल, उपयोग, रचना यांत ठळक फरक नसलेल्या दोन वस्तूंचे भाव लिंगावरून वेगळे ठेवता येणार नाहीत. नुसता रंग वेगळा असणं हा ठळक फरक धरला जाणार नाही.

या कसोटीत गुलाबी स्कूटर सापडते. शाम्पू सुटतो. घटकांच्या यादीत दोन नावं बदलली, की ‘या दोन वस्तू वेगळ्या आहेत’ असं कंपनी म्हणू शकते. कायदा कडक केला तर कंपन्या आतला फरक आणखी वाढवतील, अशीही शक्यता आहे, आणि मग तुलना आजच्याहून अवघड होईल. ब्रिटनमध्ये दुसऱ्या वाटेने काम झालं. टीका झाल्यावर टेस्को या दुकानसाखळीने २०१७ च्या सुरुवातीला आपल्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या साध्या रेझरचा भाव पुरुषांच्या रेझरइतका केला. तिथं कायद्याची गरज पडली नाही, कारण दोन रेझर शेजारी ठेवून दाखवता आले होते.

भारतात लिंगावरून वेगळा भाव लावण्यास सरसकट मनाई करणारा कायदा नाही. फेसवॉशच्या फळीवर तर आपल्याकडे अनेकदा उलटं दिसतं. स्त्रियांचा माल नुसता ‘फेसवॉश’ असतो आणि पुरुषांच्या ट्यूबवर ‘फॉर मेन’ छापलेलं असतं, कारण इथं नवखं गिऱ्हाईक पुरुष आहे आणि ‘हे आपलंच आहे’ अशी खात्री त्याला हवी असते. त्या दोन शब्दांचे पैसे त्याच्याकडूनही घेतले जाऊ शकतात. म्हणून हा प्रश्न फक्त बायकांचा समजून पुरुष वाचकांनी पान उलटू नये.

माझ्या मते आपल्याकडे नवा कायदा मागण्याआधी आहे तो नियम वापरायला हवा. पुढच्या वेळी खरेदीला जाल तेव्हा घरातल्या दोघांच्या वस्तूंवरची एककाची किंमत शेजारी शेजारी धरून पाहा. ती ओळ छापलेलीच नसेल, किंवा वाचता येणार नाही अशी छापली असेल, तर पाकिटाचा फोटो काढून राज्याच्या वैधमापन विभागाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.